सात दहाची शाळा

नांदुऱ्याच्या ज्या शाळेत मी एकोणीस वर्षांपासून गणित शिकवते, तिथे खोल्या आठ आणि वर्ग त्याच्या दुप्पट. म्हणून शाळा दोन पाळ्यांत भरते. माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं लहान मुलं सकाळी यायची आणि आमची आठवी ते दहावीची मुलं दुपारी बारानंतर. मग लहान मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून त्यांची शाळा नऊच्या आत भरवू नका, असा वरून आदेश आला. आदेश चांगलाच होता. पण आमच्या खोल्या काही वाढल्या नव्हत्या. तेव्हा लहानांना दुपारी घेतलं आणि मोठ्यांना सकाळी आणलं. हायस्कूल सात दहाला भरणार, बारा दहाला सुटणार, असं ठरलं.

शिक्षकांच्या बैठकीत हात वर करायला सांगितलं तेव्हा पहिल्या दोन-तीन हातांमध्ये माझा हात होता. खरं सांगायचं तर मला ती वेळ सोयीची होती. साडेबाराला घरी, जेवून घटकाभर आडवं व्हायचं, संध्याकाळ मोकळी. शाळा घरापासून दहा मिनिटांच्या वाटेवर. आणि पहाटे उठण्याचं मला कधी काही वाटलं नाही. माझे वडील रेल्वेत होते, रुळांच्या देखभालीवर. ते चारला उठायचे आणि आम्हा भावंडांना साडेचारला उठवायचे. वंदना झाली की पुस्तक. अठरा तास अभ्यासाची गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगितली जायची, की झोप म्हणजे काहीतरी चोरून खायची वस्तू आहे असंच मला वाटायचं. त्या पहाटांनी मला नोकरी दिली, असं मी मानत आले. सकाळी झोप येते म्हणणारं पोर माझ्या लेखी आळशी होतं.

त्या वर्षी दहावीत एक मुलगी होती. वडनेर भोलजीपासून तीन किलोमीटर आत एक लहान गाव आहे, तिथून ती यायची. वडनेरलाही शाळा आहे, पण सेमी इंग्रजीसाठी तिच्या आईने तिला आठवीत आमच्याकडे घातलं होतं. तेव्हापासून ती माझ्या वर्गात. बोलायची कमी, पण फळ्यावरची एखादी पायरी पटली नाही की उभी राहून विचारायची, "मॅडम, हे असं काऊन?" आणि पटेपर्यंत खाली बसायची नाही. असं विचारणारं मूल वर्गात एक असलं तरी शिकवणाऱ्याला बरं वाटतं. नववीपर्यंत तिने मला बरंच दमवलं आणि मला ते आवडायचं.

नव्या वेळेत दहावीचा पहिला तास माझा होता. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ती दुसऱ्या बाकावर झोपलेली दिसली. मी हाक मारून उठवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी तिला भिंतीजवळ उभं केलं आणि फळ्याकडे वळले. थोड्या वेळाने मागे वही पडल्याचा आवाज आला. ती भिंतीला टेकून उभ्या उभ्याच झोपली होती. वर्ग हसला. मला तो माझा अपमान वाटला. मी म्हणाले, "झोपायचंच असेल तर घरी झोपत जा. एवढ्या लांबून कशाला येतेस?"

तिने वही उचलली, डोळे पुसले आणि तास संपेपर्यंत उभी राहिली. त्यानंतर ती रोज शाळेच्या नळावर तोंड धुऊन, पुढचे केस ओले करून वर्गात येऊ लागली. तरी दहा-पंधरा मिनिटांनी तिच्या पापण्या मिटायच्या. आणि ती एकटी नव्हती. खेड्यांवरून येणारी सगळीच मुलं पहिल्या दोन तासांत पेंगायची. ती माझी आवडती म्हणून मला फक्त तिचं दिसत होतं.

पहिल्या घटक चाचणीत तिला वीसपैकी सात गुण पडले. मी पालकांना बोलावण्याची चिठ्ठी दिली.

आई आली ती त्या दिवसाची मजुरी बुडवून. निंदणाचे दिवस होते. शिक्षक खोलीत खुर्ची दिली तरी ती दारातच उभी राहिली. मुलगी वर्गात झोपते, अभ्यासात मागे पडली आहे, दहावीचं वर्ष आहे, असं सगळं मी सांगितलं. तिने ते ऐकून घेतलं. मग विचारलं, "मॅडम, वर्गात झोपते म्हून तुमी मले बलावलं. पन तिनं झोपावं कवा, तेवढं सांगा."

रागाने नव्हे, खरोखर उत्तर हवं असल्यासारखं तिने विचारलं होतं. मी बसा म्हणाले, तेव्हा ती खुर्चीच्या कडेवर टेकली आणि मुलीचा दिवस सांगू लागली. गावात नळ पावणेपाचला येतो, अर्धाच तास. आईला सातच्या आत धुणंभांडी उरकून कामावर निघायचं असतं, म्हणून पाणी भरण्याचं काम मुलीचं. पाणी झालं की दोघींच्या भाकरी. साडेपाचला सायकल काढून वडनेरला, ओळखीच्या घरी सायकल ठेवायची, सहाची बस धरायची. साडेसहाला नांदुरा. सात वाजेपर्यंत शाळेच्या पायऱ्यांवर बसायचं. दुपारी घरी पोचायला दोन वाजतात. जेवून ती आईच्या जोडीला शेतावर जाते, दिवस बुडाला की घरी. मग स्वयंपाक, जेवण, आणि नऊ ते अकरा अभ्यास.

"दुपारची शाया होती तवा पानी भरून पुन्ना निजे," आई म्हणाली. "सात वाजेलोक निजे. आता ते निजनं गेलं." तिने असंही सांगितलं, की सकाळच्या शाळेचा तिला फायदाच आहे, दुपारचे दोन हात मिळतात. शाळेची वेळ बदला असं ती म्हणत नव्हती. पोरीला मारू नका, एवढंच सांगायला आली होती.

मी मारत नाही, असं म्हणाले. ती गेल्यावर वही पडल्याचा तो आवाज आठवला.

मला माझ्या पातळीवर जे करता येण्यासारखं होतं ते मी केलं. इतिहासाचे सर आहेत, त्यांना विनंती करून माझा पहिला तास त्यांच्या तिसऱ्या तासाशी बदलून घेतला. साडेआठनंतर ती मुलगी पूर्वीसारखी असायची. ऑगस्टच्या शेवटी तिने पुन्हा एकदा "हे असं काऊन?" विचारलं तेव्हा मी फळ्याकडे तोंड करून हसले. पण पंधरा दिवसांनी इतिहासाचे सर चहा पिताना म्हणाले, "मॅडम, झोप काही गेली नाही. ती फक्त माझ्याकडे पाठवली तुम्ही." ते हसत म्हणाले, पण खरं होतं ते.

दिवाळीनंतर माझ्या आईला बरं नव्हतं. ती वडनेरला माझ्या भावाकडे असते. मी एक रात्र तिच्यापाशी राहिले आणि सकाळी शाळेसाठी सहाची बस धरली. एवढी वर्षं माझे विद्यार्थी ज्या बसने येतात, तिच्यात मी सकाळी कधी बसले नव्हते.

महामार्गावर अंधार होता. थांब्यावर वीस-बावीस मुलं उभी होती, मुली डोक्याला स्कार्फ गुंडाळून, मुलं हात खिशात घालून. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. बस आली, सगळी चढली, आणि माझं तिकीट होईपर्यंत जवळजवळ सगळ्यांच्या माना कलल्या होत्या. कंडक्टर बाई होत्या, माझ्याच वयाच्या. मी त्यांना काहीतरी विचारायला लागले तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला मॅडम," त्या म्हणाल्या, "लेकरं झोपले."

दर थांब्यावर चढणारं मूल जागा शोधायचं, बसायचं आणि डोळे मिटायचं. बाई मागे-पुढे फिरताना बेल न वाजवता ड्रायव्हरला हाताने खूण करत होत्या. नांदुऱ्याच्या अलीकडे बस वळली तशा त्या मागच्या बाकापासून निघाल्या. प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून उठवत पुढे आल्या. "उठ माय, नांदुरा आलं. उठ दादा." सगळ्यांत शेवटी ड्रायव्हरच्या मागच्या बाकावरची मुलगी होती, माझ्या वर्गातली तीच. तिने डोळे उघडले, समोर मला पाहिलं आणि ताडकन उभी राहिली. दप्तर मांडीवरून खाली पडलं. चालत्या बसमध्ये ती दांड्याला धरून उभी होती, जशी माझ्या वर्गात भिंतीजवळ उभी राहायची तशी.

मी म्हणाले, "अगं, बस. ही शाळा नाही."

ती बसली, पण अवघडून. मी तिच्याशेजारी बसले. मग विचारलं, परीक्षेत कसं करशील? तिने त्यावर आधीच विचार करून ठेवला होता. म्हणाली, "मॅडम, बोर्डाचा पेपर अकराले रायते. तवा मी जागी असतो."

त्याच दिवशी मी मुख्याध्यापकांकडे गेले आणि सांगितलं की जूनमध्ये मी हात वर केला होता, तो मला खाली घ्यायचा आहे. ते भले गृहस्थ आहेत. त्यांनी टेबलाच्या काचेखालचा खोल्यांचा तक्ता दाखवला. बारा चाळीसला लहान मुलं येणार, त्याआधी वर्ग रिकामे करून झाडायला हवेत. "मॅडम, मलाही दिसतं," ते म्हणाले. "पण खोल्या आठच आहेत." शेवटी पालक सभा बोलवायचं ठरलं.

सभेला अपेक्षेपेक्षा जास्त लोक आले आणि ती दोन तास चालली. गावातल्या पालकांना सकाळची शाळा हवी होती, कारण दुपारी शिकवण्या असतात. एका आजोबांचं म्हणणं होतं की आमच्याकडच्या उन्हात शाळा सकाळीच बरी, मार्च लागला की तशीही सगळ्यांची सकाळी होते. खेड्यावरच्या एका वडिलांनी सांगितलं की अंधारात पोरीला फाट्यापर्यंत सोडायला त्यांना रोज जावं लागतं, त्यांचं दूध घालायचं राहतं. एक जण म्हणाले, आम्ही काय लवकर उठलो नाही का, काय बिघडलं? हेच वाक्य जूनमध्ये मी म्हणाले असते. मी तेव्हा उभी राहिले आणि माझ्या वडिलांचं सांगितलं. ते आम्हाला साडेचारला उठवत होते हे खरं, पण आठ वाजता निजवतही होते, आणि पाणी माझी आई भरत होती. हे मी इतकी वर्षं विसरले होते. सभेत बोलताना मला ते पहिल्यांदा आठवलं.

दुपारची शाळा काही परत येणार नव्हती. मुख्याध्यापकांनी कागदावर आकडेमोड करून एक तोडगा काढला. प्रत्येक तास चाळीसऐवजी पस्तीस मिनिटांचा करायचा. सात तासांत पस्तीस मिनिटं निघतात, पाच मधल्या सुटीतली. शाळा सात पन्नासला भरेल आणि बारा दहालाच सुटेल. राहिलेला अभ्यासक्रम शनिवारी, लहानांना सुटी असते तेव्हा, दोन तास जास्त घेऊन पुरा करायचा. गणिताची पाच मिनिटं जाणार म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी होकार दिला. एक डिसेंबरपासून नवी वेळ लागू झाली.

आम्हाला वाटलं, झालं. पण बस सहाचीच होती. पहिल्याच दिवशी मी साडेसातला शाळेत गेले तर वडनेरकडची सगळी मुलं पायऱ्यांवर थंडीत कुडकुडत बसली होती, साडेसहापासून. त्यांचं उठणं पाच मिनिटांनीही पुढे गेलं नव्हतं. उलट बाहेर बसणं वाढलं होतं. मला स्वतःचीच लाज वाटली.

मी शिपायाकडून दहावीच्या खोलीची दुसरी किल्ली मागून घेतली. दुसऱ्या दिवशी सहा पंचविसाला जाऊन खोली उघडली. मुलं आली तेव्हा सांगितलं, साडेसातपर्यंत झोपा. त्यांना ते खरं वाटेना. एका मुलाने विचारलं, अभ्यास नाही करायचा का? मी म्हटलं, ज्याला करायचा त्याने करावा, पण आवाज नको. मग एकेकाने बाकावर दप्तर ठेवून त्यावर डोकं टेकवलं. पाच मिनिटांत खोली शांत झाली. मी खिडकीजवळच्या खुर्चीत वह्या तपासत बसले. एवढ्या वर्षांत मी वर्गात मुलांना झोपलेलं कधी नीट पाहिलं नव्हतं. झोपेत ती फार लहान दिसतात. ज्यांच्या ओठांवर मिसरूड फुटली होती तीसुद्धा.

आठवड्याभरात स्नेहसंमेलनाच्या सामानातली मोठी सतरंजी निघाली. मुली त्यावर झोपू लागल्या. इतिहासाचे सर म्हणाले, रोज तुम्हीच कशाला, एक दिवसाआड मी येतो. ते येताना वर्तमानपत्र आणायचे आणि पान उलटताना आवाज होतो म्हणून एकच पान तासभर वाचायचे.

गावातल्या एका पालकांच्या कानावर हे गेलं. शाळेत पोरं झोपवता म्हणून ते तक्रार घेऊन सकाळीच आले. मुख्याध्यापकांनी त्यांच्याशी वाद घातला नाही. त्यांना व्हरांड्यातून खिडकीपाशी नेलं. ते गृहस्थ बराच वेळ आत बघत उभे राहिले. मग हळू आवाजात एवढंच विचारलं, की ही पोरं उठतात किती वाजता. मुख्याध्यापकांनी सांगितलं. ते परत गेले आणि पुन्हा त्या विषयावर बोलले नाहीत.

जानेवारीतल्या एका सकाळी ती मुलगी घंटेच्या आधीच जागी झाली. बाकीची सगळी झोपलेली. ती उठून माझ्या खुर्चीपाशी आली आणि भूमितीतली एक शंका विचारू लागली, कुजबुजत. मी ती सोडवून दिली. मग म्हणाले, "जुलैत मी तुला वर्गासमोर बोलले होते. तसं बोलायला नको होतं मी."

तिने वहीतच बघत म्हटलं, "मले याद नाई, मॅडम."

तिला आठवत होतं. माझ्यासाठी ती तसं म्हणाली, हे दोघींनाही कळलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती परत सतरंजीवर गेली आणि उरलेली दहा मिनिटं पुन्हा झोपली.

बसची वेळ पुढे नेण्याचं काम मात्र सहा महिने चाललं. कंडक्टर बाईंनीच मला वाट सांगितली. नुसता शाळेचा अर्ज चालणार नाही; ग्रामपंचायतीचा ठराव लागेल, पासधारक मुलांची यादी लागेल, आणि त्या बसने कामावर जाणाऱ्या इतर लोकांची हरकत नसावी लागेल. ती हरकत होती, कारण सहाच्या बसने काही जण नांदुऱ्याला गाडी धरायला यायचे. शेवटी आगाराने सहाची फेरी ठेवली आणि दुसरी एक फेरी ओढून सव्वासातला आणली. पण तोपर्यंत जून उजाडला होता. माझ्या त्या दहावीच्या मुलांना त्या बसचा काही उपयोग झाला नाही.

तिला गणितात शंभरातले एक्क्याऐंशी मिळाले. आठवी-नववीतली ती पाहता मला नव्वदच्या वरची आशा होती. निकालाच्या दिवशी ती आईसोबत पेढे घेऊन आली. आई या वेळी न सांगता खुर्चीत बसली. मी मुलीला विचारलं, पुढे काय? तिने सायन्सला प्रवेश घेतला होता. कॉलेज साडेअकराचं आहे का, हे तिने प्रवेश घेण्याआधी विचारून घेतलं होतं. आई म्हणाली, दुपारच्याले आता कोनी नाई माया जोडीले, पन शिकू द्या.

आता नवी मुलं पावणेआठला बसमधून उतरतात आणि सरळ वर्गात जातात. पहिल्या तासाला अजूनही दोन-तीन जण पेंगतात. त्यांना मी खिडकीपाशी बसवते आणि फळ्यावर बोलावते, उभं करत नाही. घरी यायला मला शनिवारी दोन वाजतात, त्या दिवशीचा स्वयंपाक नवरा करतो आणि वरणात मीठ कमी घालतो. शाळेच्या मागे दोन खोल्यांचं काम सुरू झालं आहे. त्या झाल्या की मोठ्या मुलांचे निदान दहावीचे वर्ग अकराला भरवता येतील, असं मुख्याध्यापक म्हणतात. सध्या भिंती खिडकीच्या उंचीपर्यंत आल्या आहेत. मधल्या सुटीत मी रोज एक चक्कर मारून येते आणि गवंड्याला विचारते, किती दिवस लागतील. तो म्हणतो, वाळू आली की सांगतो.